काट्याचा काटा काढला

त्या संध्याकाळी माझी बोटं दुसऱ्या पेरापर्यंत चिकट झाली होती. वाळवलेल्या जेवणाचं उभं पाकीट, त्यात ओतलेलं उकळतं पाणी, आणि हातात घरचा रोजचा चमचा. वरचं अर्धं जेवण सुखानं उरकलं. मग तळ खोल खोल जायला लागला आणि चमच्यामागोमाग माझा हातही आत गेला. झरा अर्ध्या तासावर, त्यामुळे पाणी जपून वापरायचं होतं. हात टिश्यूनं पुसायला गेले तर टिश्यूच हाताला चिकटला. तशाच हातांनी स्लीपिंग बॅगची चेन ओढली. ती चेन अजून त्याच जागी अडते.

समोर नवरा ऐटीत जेवत होता. त्याच्याकडे कापडी पाऊचमध्ये काटा, चमचा आणि सुरी असा स्टीलचा अख्खा संच.

"तुझी सुरी दे जरा, पाकीट वरून निम्मं कापते," मी म्हटलं.

"तिनं नाही कापलं जायचं. लोण्याची सुरी आहे ती, धार नाहीये तिला."

"मग आणलीस कशाला?"

"संचात होती."

यावर मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र तो संच उचलून कामावर घेऊन गेले.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आमच्याकडचा काटा ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो. वजनकाट्यावर जेवणाचा काटा ठेवायची माझी ती पहिलीच वेळ. सुरी ५२ ग्रॅम, काटा ४१, चमचा ४६, आणि ज्याला कोणी हिशेबात धरत नाही तो पाऊच १८. एकूण १५७. नंतर कधीतरी मी लांब दांड्याचा अॅल्युमिनिअमचा चमचा घेतला, तो भरला १२ ग्रॅम. म्हणजे १४५ ग्रॅम वाचले. ऐकायला छान वाटतं, पण हा आकडा जरा फोडून बघा. त्यातले १११ ग्रॅम सुरी, काटा आणि पाऊच घरी ठेवल्यानं वाचले. त्याला ना नवा धातू लागला, ना नवी खरेदी. उरलेले ३४ ग्रॅम चमचा बदलल्याचे.

मला जे म्हणायचंय ते इथंच आहे. "हलके चमचे कुठले घ्यावेत" असं विचारणाऱ्याला मी आधी विचारते, की सॅकमध्ये काटा आहे का? असेल तर आधी त्या काट्याचा काटा काढा. डोंगरात आपण जे खातो, म्हणजे नूडल्स, ओट्स, सूप, पाकिटातलं भिजवलेलं जेवण, त्यातलं काहीच काट्याशिवाय अडत नाही. नूडल्सवाले वाद घालतील. त्यांनी पाकिटातच चुरून टाकाव्यात, भांड्यातही नीट मावतात.

आता धातू. यावर लोक इतके हिरिरीनं बोलतात की चमच्याचेही चमचे असतात असं वाटावं. खरी गोष्ट घनतेची आहे. स्टीलचा घन सेंटिमीटर जवळजवळ ८ ग्रॅमचा, टायटॅनियमचा साडेचार, अॅल्युमिनिअमचा २.७. म्हणजे हुबेहूब त्याच आकाराचा चमचा टायटॅनियममध्ये घडवला तर स्टीलच्या निम्म्याहून थोडा जास्त भरेल, आणि अॅल्युमिनिअममध्ये तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. दुकानात टायटॅनियमचा तोरा मोठा असतो, म्हणून ते सर्वांत हलकं असणार असा सगळ्यांचा समज. तसं नाही. अॅल्युमिनिअम त्याहून हलकं आहे. टायटॅनियमचं कौतुक वेगळ्या कारणासाठी करावं: ते गंजत नाही, चव देत नाही, आणि पातळ पत्र्याचा चमचासुद्धा सॅकच्या तळाशी दबून सहज वाकत नाही. अॅल्युमिनिअमचे चांगले चमचे जस्त मिसळलेल्या कणखर मिश्रधातूचे असतात. वरून अॅनोडायझिंग केलेलं असतं, म्हणजे त्याच धातूच्या ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो. माझ्या चमच्याचा तो थर टोकाशी घासून गेलाय. भांड्याचा तळ खरवडायची सवय, दुसरं काय.

उष्णतेच्या बाबतीत मी स्वतः चकले. शुद्ध अॅल्युमिनिअम टायटॅनियमपेक्षा साधारण दहापट सहज उष्णता वाहून नेतं. मिश्रधातूत हे प्रमाण उतरतं, तरी स्टोव्हवरच्या भांड्यात अॅल्युमिनिअमचा चमचा विसरलात तर पुढच्या वेळी आठवण राहील एवढा दांडा तापतो. मला वाटलं होतं की स्टीलही तसंच तापणार. पण स्टेनलेस स्टील उष्णता वाहण्यात टायटॅनियमच्याही किंचित मागे आहे. गोठणाऱ्या पहाटे हे उलट्या दिशेनं जाणवतं. अॅल्युमिनिअम ओठांची ऊब पटकन ओढून घेतं आणि पहिला घास नकोसा होतो. माझी भाची थंडीतल्या ट्रेकला टायटॅनियमच नेते, तिचं कारण हेच. वजनाचा फरक किती? तिचा १९ ग्रॅम, माझा १२. सात ग्रॅम म्हणजे पाण्याचा अर्धा घोट.

"मावशी, सात ग्रॅमसाठी तू एवढं लिहिणार?" ती म्हणाली होती.

सात ग्रॅमसाठी लिहीत नाहीये गं, बोटांसाठी लिहितेय.

कारण वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. पाकिटातून खाणार असाल तर वीस सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. माझा साडेएकवीस आहे. आणि हे फक्त बोटं कोरडी राहावीत म्हणून नाही. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश सेल्सिअस कमी. ३,००० मीटरवर ते ९० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे जेवण भिजायला जास्त वेळ लागतो आणि मधून मधून ढवळावं लागतं. आखूड चमचा पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात पोचतच नाही. मग शेवटच्या तीन घासांत कोरडी पावडर आणि तिखटमिठाचा गठ्ठा तोंडात येतो. हे मी एकदा खाल्लंय. त्यानंतर रात्रभर पाणी प्यायले, आणि पाणी प्यायल्यावर तंबूबाहेर कितीदा जावं लागलं ते सांगत नाही.

उथळ भांड्यातून खाणाऱ्याला एवढा दांडा नको, त्याला तो नाकात जाईल. त्यानं घरातला छोटा चमचा उचलावा आणि निघावं.

आता स्पोर्क. अर्धा चमचा, अर्धा काटा. ही कल्पना आजकालची नाही. चमचा, काटा आणि सुरी एकाच वस्तूत बसवायचं पेटंट सॅम्युअल फ्रान्सिस नावाच्या अमेरिकी माणसानं १८७४ मध्येच घेतलं होतं. म्हणजे दीडशे वर्षं माणसं या एका वस्तूच्या मागे आहेत आणि अजून तिच्यातून सूप गळतंच. चमच्याच्या टोकाला दाते कापले की दात्यांच्या खोबणीतून पातळ पदार्थ निसटणार, आणि दाते आखूड असल्यामुळे धड काही टोचलंही जाणार नाही. त्यात धुताना त्या फटींमध्ये ओट्स अडकतात आणि वाळले की सिमेंट. भांड्याचा कोपराही दात्यांनी खरवडला जात नाही. एका टोकाला चमचा आणि दुसऱ्या टोकाला काटा असलेले जे असतात त्यांतून गळत नाही, हे मान्य. पण काट्यानं खाताना चमच्याचं खरकटं टोक तळहातात येतं. म्हणजे माझी बोटं परत तिथंच.

प्लास्टिकचा स्पोर्क माझ्याकडेही होता. पॉलिकार्बोनेटचा, ९ ग्रॅमचा, पोपटी रंगाचा, दिसायला गोड. दोन गोष्टी झाल्या. एकदा मी त्यानं तळाला लागलेलं जेवण खरवडत होते, खाली स्टोव्ह चालूच होता. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांना मऊ पडायला लागतं. उकळत्या पाण्यात त्याला काही होत नाही, पण पाणी आटलेल्या भांड्याचा तळ एवढा सहज तापतो. टोक दुमडलं. तरी मी तो वापरत राहिले. मग एका थंड सकाळी, रात्रभर गोठलेल्या लोण्यात घातला तर मधोमध कट्कन तुटला. उरलेले तीन दिवस मी त्याच्या अर्ध्या तुकड्यानं जेवले. म्हणजे हात पुन्हा पाकिटात. थोडक्यात काय, तर माझं नशीबच तसलं.

लाकडी आणि बांबूचे चमचेही हलके असतात, तोंडाला छान लागतात आणि नॉनस्टिक भांड्यावर ओरखडे उठवत नाहीत. तुमच्या भांड्याला आतून लेप असेल तर धातूचा चमचा घेऊ नका, हा विचार आधी करा. पण ओला बांबू पिशवीत बंद राहिला की दुसऱ्या दिवशी वास मारतो. दोन दिवसांच्या ट्रिपला चालेल, आठ दिवसांच्या नाही.

घडीचे चमचे मला आवडत नाहीत. बिजागरीत घाण बसते, आणि ऐन घासाला दांडा मिटतो. घडी घालून वाचवायची ती जागा कसली? लांब चमचा सॅकच्या बाजूला उभा सरकतो.

"मग बोटंच का नाही वापरायची? शून्य ग्रॅम," नवरा म्हणाला. संच घरी ठेवावा लागल्याचा राग होता तो. एरवी बोटांसारखं हत्यार नाही, पण कड्याखाली, साबण आणि पाणी मोजून असताना, शौचाला जाऊन आलेले हात आणि सगळ्यांच्या मधे ठेवलेली सुक्या मेव्याची पिशवी, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. ट्रेकमध्ये पोटं बिघडतात तेव्हा आपण पाण्याला दोष देऊन मोकळे होतो. बऱ्याचदा दोष हातांचा असतो. आमच्यात आता पिशवीत हात घालायचा नाही, पिशवी ओंजळीत ओतायची असा नियम आहे. चमचाही ज्याचा त्याचा.

चमच्याच्या मुखाचा आकार बघायला विसरू नका. मी खरेदीला जाते तेव्हा भांडं बरोबर नेते आणि चमचा त्याच्या कोपऱ्यात फिरवून बघते. दुकानदार बघत राहतो, बघू दे. चमचा जितका नीट बसतो तितकं भांडं खाऊन स्वच्छ होतं आणि धुवायला तितकं कमी पाणी लागतं. ते धुणंही झऱ्यापासून निदान साठ मीटर लांब, शितं गाळून कचऱ्याच्या पिशवीत. काही टायटॅनियम चमचे पूर्ण खरखरीत असतात, पाटीवर नख ओढल्यासारखे ओठांना लागतात. मुखाचा भाग चकचकीत केलेला असेल तोच घ्या.

आणि हरवणं. सगळ्यात हलका चमचा म्हणजे मागच्या मुक्कामी दगडावर राहिलेला. करड्या दगडांत करडं टायटॅनियम दिसतच नाही. भाचीचा असा एक गेला, आणि तंबूचा खुंटा धुऊन, पुसून तिनं त्यानं ओट्स खाल्ले. आता तिच्या चमच्याच्या भोकात भगव्या दोरीचा तुकडा बांधलाय. माझा चमचा मुळात लालभडक आहे, तरी मीही दोरी बांधली. आम्ही त्या दोरीचंही वजन केलं, ०.४ ग्रॅम.

नवऱ्यानं शेवटी ऐकलं. मागच्या ट्रिपला त्याच्या सॅकमध्ये एकच चमचा होता. पाऊच मात्र त्यानं आणला होता, चमचा ठेवायला.