हजार वेळा गिरवलेला कित्ता

साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, मोडीची वही अजून आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांनी मला बोरू धरायला शिकवले. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिला अक्षरे टांगत पुढे जायचे आणि बोरू शक्यतो उचलायचा नाही, अशी त्यांची शिस्त होती. शाई ते घरीच करीत. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक खलात घोटताना येणारा वास मला आजही आठवतो.

चिनी शाईचित्रांकडे मी वळलो तो या शाईमुळेच. तिकडेही मूळ पदार्थ काजळीच: पाइनच्या लाकडाची किंवा तेलाच्या दिव्याची. डिंकाऐवजी प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस घालून तिच्या कांड्या पाडतात, आणि चित्रकार दगडी शिळेवर थोडे पाणी घेऊन कांडी सावकाश उगाळतो. किती उगाळले आणि किती पाणी घातले, यावर गडद काळ्यापासून धुरकट करड्यापर्यंतच्या छटा ठरतात. नवव्या शतकातला कला-इतिहासकार जांग यान्युआन याने शाईतच पाचही रंग असतात असे म्हटले, ते या छटांमुळे.

खरी परीक्षा मात्र कागद घेतो. आन्हुई प्रांतातल्या जिंग परगण्यात छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून श्वान कागद तयार होतो. ही कारागिरी २००९ साली युनेस्कोच्या यादीत आली. तुरटी न लावलेल्या कच्च्या श्वान कागदावर कुंचला टेकवून क्षणभर थांबलो, तर थेंबाच्या कडेने शाई केसासारखी तंतूंत शिरते, आधी काळी, मग करडी, आणि बाहेर पाण्याचे फिके वलय उमटते. खोडरबराला येथे जागा नाही, दुसऱ्या हाताने सावरण्यालाही नाही. हात जिथे अडखळला, तिथे कागद त्याची नोंद ठेवतो.

परंपरा आणि नवता यांविषयी आपल्याकडे बोलताना कित्ता गिरवणे हा जवळजवळ दोष मानला जातो. चिनी शाईकलेत मात्र गिरवण्याला शिक्षणाइतकीच प्रतिष्ठा आहे. इ.स. ३५३ मध्ये सुलेखनकार वांग शीजी याने लिहिलेली लानथिंगची प्रस्तावना, म्हणजे लानथिंग या ठिकाणी रचलेल्या कवितांची प्रस्तावना, ही सुलेखनाची सर्वोच्च कृती समजली जाते, पण तिचा मूळ कागद आज अस्तित्वात नाही. जे शतकानुशतके पाहिले, अभ्यासले आणि पूजले गेले, त्या सगळ्या नकला. छ्यू जिज्ये या चित्रकाराने १९९० पासून पाच वर्षे ही ३२४ अक्षरांची प्रस्तावना एकाच कागदावर हजार वेळा उतरवली. काही डझन आवृत्त्यांनंतर कागद पूर्ण काळा झाला, तरी तो लिहीत राहिला. काही जण यात परंपरेचा धिक्कार पाहतात. मला तसे वाटत नाही. वाचायला काहीच उरले नाही तेव्हा त्याच्याकडे फक्त हाताची चाल उरली, आणि ती त्याने सोडली नाही; यापेक्षा मोठी निष्ठा कोणती?

जांग दाछ्यान या चित्रकाराने १९४० च्या दशकात वायव्य चीनमधल्या दुन्हुआंगच्या बौद्ध गुहांमध्ये राहून भित्तिचित्रांच्या शेकडो प्रतिकृती केल्या आणि १९५० साली तो आपल्या अजिंठ्यालाही येऊन गेला. पुढे डोळे अधू झाल्यावर याच माणसाने शाई आणि रंग कागदावर ओतून डोंगर-ढग उभे केले. मला त्या ओतण्यात आधीची सगळी वर्षे दिसतात. तरुणपणी तैवानला आलेल्या ल्यू ग्वोसोंग या चित्रकाराने तर जाड धागे मुद्दाम बसवलेला कागद करवून घेतला. शाई फिरवून झाल्यावर तो धागे उपटतो आणि काळ्यातून पांढऱ्या रेषा निघतात, बर्फाच्या सुळक्यांवर दिसतात तशा. कुंचल्याने पांढरी रेघ ओढता येत नाही, ही अडचण त्याने कागदाकडूनच सोडवून घेतली. वू ग्वानजोंग या चित्रकाराने चित्रापासून वेगळी काढलेली कुंचला-शाईची करामत शून्य आहे असे लिहिले तेव्हा चीनमध्ये मोठा वाद झाला, तो वर्षानुवर्षे चालला. मी वूच्या बाजूचा आहे, पण ते म्हणण्याचा अधिकार कुंचला हाती असलेल्यालाच, असेही मानतो.

गेल्या आठवड्यात अजिंक्यताऱ्यावर दिवसभर धुके होते आणि हवेतल्या ओलीने माझे श्वान कागद मऊ पडले होते. त्यांतला एक घेऊन अण्णांच्या वहीतले पहिले पान कुंचल्याने गिरवायला बसलो, कारण बोरूची चोच या कागदाचे तंतू ओरबाडते. एकावर एक पाच वेळा गिरवले. तिसऱ्या वेळेपासून अक्षरे ओळखू येईनात. पाचव्या वेळी वहीकडे न पाहता लिहिले, आणि कागदावर एकाच ठिकाणी डाग फुटला: 'श्री'च्या वळणाशी, जिथे लहानपणी माझा बोरू नेहमी उचलला जाई.