‘कविता टंकलिखित असाव्यात’

गावच्या साहित्य संमेलनाची तारीख ठरवायला आम्हाला तीन बैठका लागल्या. डिसेंबरात गणपतीपुळ्याच्या बाजूला पर्यटकांची एवढी गर्दी असते की बाहेरून येणाऱ्या लेखकांना खोली मिळणं कठीण. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, आणि आमचा मांडव शाळेच्या मैदानात. मार्चात शिमगा, गावात पालखी नाचत असताना परिसंवादाला कोण बसणार? त्यापुढे आंबा, त्यापुढे पाऊस. राहिला जानेवारी. त्यातला नेमका शनिवार-रविवार मात्र पंचांग बघून नव्हे, तर खारवीवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमारांच्या वाडीतल्या, एका तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला विचारून ठरला. तो म्हणाला, "अष्टमीच्या आगंमागं घ्या. भांग असतो."

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाण्याला ओढ जबरदस्त असते, त्या ओढीवरच मासे धरणाऱ्या डोलजाळ्यांना त्याच दिवसांत काम. अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो, ओढ मंदावते, माणसं जरा मोकळी होतात. म्हणजे खारवीवाडा यायला हवा असेल तर संमेलन भांगातच घ्यायला हवं. ही सूचना मी इतिवृत्तात लिहून घेतली आणि आपण सगळ्या गावाचा विचार केला, या समाधानात घरी गेले. खारवीवाडा श्रोता म्हणूनच येणार असं मी तेव्हा गृहीत धरलं होतं, हे माझ्या लक्षात यायला डिसेंबर उजाडला.

मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमचा भाग रत्नागिरी तालुक्यातला, समुद्राला लागून. मालगुंड जवळ. केशवसुत तिथले, आणि १९९४ पासून त्यांचं स्मारकही तिथेच उभं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली, त्यानंतर कोकणातल्या लहान लहान गावांतही साहित्यिक कार्यक्रमांची सवय रुजली. अशा मातीत काम करताना ओझंही वाटतं आणि बळही मिळतं. मला लहान संमेलनं मनापासून आवडतात. मोठ्या संमेलनात आमच्याकडचा मुलगा फार तर शेवटच्या रांगेत बसेल. इथे तो मंचावर चढू शकतो.

कविसंमेलनाचं काम माझ्याकडे आलं. मी आवाहन तयार केलं: दोन स्वरचित कविता, टंकलिखित, युनिकोडमध्ये, नोव्हेंबरअखेरपर्यंत. ‘स्वरचित’ आणि ‘टंकलिखित’ हे शब्द ठळक करून घेतले. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

एकशे बारा जणांच्या कविता आल्या. पहिला आठवडा नुसता अक्षरं सोडवण्यात गेला. ज्येष्ठ मंडळींनी जुन्या फॉन्टमध्ये टंकून पाठवलेल्या कविता माझ्या पडद्यावर खुणांची रांगोळी होऊन उघडायच्या. मग फोन करायचा आणि त्यांनी सांगावं तशी ओळ न् ओळ उतरवून घ्यायची. चिपळूणच्या एका निवृत्त शिक्षकांनी अख्खी कविता फोनवर अशा ठसक्यात म्हटली की ती कागदावर आली तेव्हा निम्मीच उरली आहे असं मला वाटलं. त्या वेळी ही गोष्ट मी मनात बाजूला ठेवली.

नावं झाकून तिघांनी निवड केली. चौतीस जण ठरले. त्यानंतर मी पत्ते गावांप्रमाणे लावले. पुणे, मुंबई, ठाणे भरपूर. आमच्या तालुक्यातून एकोणीस कवितासंच आले होते, त्यांतले सात निवडले गेले. आमच्या गावातून पाच आले होते, आणि खारवीवाड्यातून एकही नाही. मैदानापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या वाडीतून एकही नाही! ती यादी घेऊन मी बराच वेळ बसून राहिले.

आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या एक काकी आहेत. टोपली उतरवून पाणी पिताना त्या गुणगुणतात. वर्षानुवर्षं मी ते ऐकत आले होते आणि जुन्या ओव्या असतील असं समजत होते. त्या दिवशी मी नीट ऐकलं. ओवीत मोबाइल होता. बर्फ होता. जात्यावरच्या जुन्या ओवीत बर्फाची पेटी कुठून येणार?

"काकी, ही कुणाची ओवी?"

"कुनाची म्हंजे? माजीच. बसल्या बसल्या येते तोंडाला."

"संमेलनात म्हणाल का?"

"नको गो बाय. आमी काय शिकलेलो न्हाय. कागदावर काय लिवलेला न्हाय."

माझ्या आवाहनातली अटच त्या मला परत ऐकवत होत्या, आवाहन न वाचता. मी फोन काढला आणि विचारलं, नुसता आवाज साठवून ठेवू का? त्यांनी पदर सारखा केला, जणू फोटोच काढणार आहे, आणि म्हणाल्या:

"सुरमय गेली मुंबईला, बर्फाच्या गं पेटीमंदी
लेक गेली तिच्यामागं, जीव फोनाच्या भेटीमंदी"

अशा अकरा ओव्या त्यांनी म्हटल्या, मध्ये एकदाही न अडखळता.

निवड समितीत यावर वाद झाला, आणि तो वाद खोटा नव्हता. एक सदस्य म्हणाले, मुदत संपून गेल्यावर एका व्यक्तीला घ्यायचं, तर ज्या अठ्ठ्याहत्तर जणांना आपण नकार कळवला त्यांना काय उत्तर देणार? दुसऱ्यांचा प्रश्न होता, ओवी ही परंपरेची रचना, तिला स्वरचित कसं म्हणायचं? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. गझल लिहिणाऱ्याला आपण वृत्त तुझं आहे का असं विचारत नाही. मग ओवीचा साचा जुना म्हणून त्यातली लेक, पेटी आणि फोन परक्याचे कसे ठरतात? पहिल्या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. नियम मीच केला होता, तो अपुरा होता, आणि त्याची किंमत मी न ऐकलेल्या किती जणांनी मोजली ते मला कधीच कळणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही वाचनालयात पेढे वाटले होते. ज्या बोलींच्या बळावर ही भाषा इतकी वर्षं तगली, त्यांना आमच्याच मंचावर जागा नसेल तर ते पेढे कशाचे, एवढंच मी म्हणाले. काकींचं नाव पस्तिसावं म्हणून जोडलं गेलं.

पुढची कामं संमेलन भरवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतात. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, शाळेची परवानगी, तात्पुरती वीजजोडणी, पावतीपुस्तकं. एका कार्यालयात आमचा अर्ज गहाळ झाला आणि तो पुन्हा करावा लागला; पोचपावतीची प्रत ठेवली होती म्हणून निभावलं. ध्वनिक्षेपकाच्या परवान्यात रात्री दहाची मर्यादा होती. ती सगळीकडेच असते, पण आमच्यासाठी ती जास्त अडचणीची होती, आणि त्याचं कारण वारा.

समुद्राकाठी कार्यक्रम म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे वाळूवरचा मंच येतो. प्रत्यक्षात दुपारी खारा वारा सुटला की माइकमध्ये नुसती घरघर भरते, कागद हातात राहत नाही. सुरूच्या बनाआड, शाळेच्या मैदानातही तो पोचतो. दिवस मावळला की तो पडतो. मग रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुरू होईपर्यंत हवा अगदी स्तब्ध असते, तीच कवितेची वेळ. म्हणून परिसंवाद सकाळी, दुपारी वर्गखोल्यांमध्ये कथाकथन, आणि कविसंमेलन सात ते दहा. पस्तीस कवी, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे एकशे चाळीस. सूत्रसंचालनाला आणि सत्काराला उरली चाळीस. गणित बरोबर होतं.

पुस्तकांचंही एक सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जानेवारीत आमच्याकडे पहाटे दव पडतं आणि हवेतला खारटपणा तर कायमचाच. आदल्या रात्री एका विक्रेत्याने पुस्तकं मांडवातच टेबलावर ठेवली, वर चादर टाकून. सकाळी मुखपृष्ठांचे कोपरे वळलेले होते. मग सगळं प्रदर्शन वर्गांत हलवलं, खोकी बाकांवर ठेवली, जमिनीला काही लागू दिलं नाही. पुस्तकांची विक्रीही तिथे जास्त झाली. सावलीत माणूस पानं चाळत उभा राहतो.

ग्रंथदिंडीच्या पालखीत काय ठेवायचं यावर मतं अनेक होती. शेवटी पुस्तकांसोबत वाचनालयाची सगळ्यात जुनी दाखल नोंदवहीही ठेवली, कापडात बांधून. तिच्यात गावात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची ओळ आहे. मुलींनी लेझीम धरली, ढोल वाजला, खारवीवाड्यातून दिंडी वळली तेव्हा बायकांनी पालखीला ओवाळलं. काकी त्यांत होत्या. संध्याकाळी येणार ना, असं मी खुणेनेच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

कविसंमेलन पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झालं. सत्कार लांबले होते. घंटा माझ्या हातात. साडेतीन मिनिटांना एकदा, चार मिनिटांना दोनदा. बहुतेकांनी ती पाळली. चिपळूणचे सर तर साडेतीन मिनिटांत संपवून, मला नमस्कार करून खाली उतरले.

काकींचं नाव पुकारलं तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. त्या आल्या, माइकपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. कुणीतरी माइक पुढे सरकवला तशा त्या मागे सरकल्या. मग त्यांनी माइककडे पाहणंच सोडलं आणि म्हणायला लागल्या. सुरमईची ओवी झाली, मागून खारवीवाड्यातल्या दोघीतिघींनी शेवटचा शब्द धरला. मांडवातल्या मागच्या बाजूच्या सगळ्या बायकांनी पुढची धरली. मी साडेतीनला घंटा उचलली. ती वाजवली नाही. चार झाली, सहा झाली. नऊ मिनिटांनी त्या आपणहून थांबल्या, कारण ओव्या संपल्या.

त्या नऊ मिनिटांचा हिशेब दहाला आला. ध्वनिक्षेपक बंद करायला दोन मिनिटं उरली होती आणि तीन कवी बाकी होते. एक पुण्याहून स्वखर्चाने आलेली मुलगी, एक देवरुखचा विद्यार्थी, एक आमच्याच गावातले बागायतदार, ज्यांनी मोहोरावरची फवारणी सोडून दिवसभर खुर्च्या लावल्या होत्या. मी मंचावर जाऊन चूक माझी आहे असं सांगितलं आणि माफी मागितली. दहाला माइक बंद झाला. लोक उठतील असं वाटलं होतं. बरेच उठलेही. राहिलेल्या साठ-सत्तर जणांनी खुर्च्या उचलून मंचाच्या पायरीपर्यंत आणल्या. हवा स्तब्ध होती. सुरूच्या पलीकडे लाटांचा आवाज होता, तेवढाच. तिघांनी नुसत्या आवाजात कविता म्हटल्या. पुण्याची मुलगी इतकं हळू बोलत होती की पुढे वाकून ऐकावं लागत होतं, आणि सगळे वाकले. बागायतदारांनी कागद न बघता कविता म्हटली. घंटा मी पायाशी ठेवून दिली होती.

रविवारी सकाळी पाहुण्यांना मालगुंडला नेऊन आणलं, दुपारी समारोप झाला, ठराव वाचले गेले. सूत्रसंचालकांनी मला सांगितलं की काकींच्या वेळी घंटा वाजवायला हवी होती. एका कवीने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, माझ्या आईच्याही अशा रचना आहेत, त्या पुढच्या वेळी चालतील का? पुढच्या आवाहनाचा मसुदा मी त्याच रात्री केला. ‘टंकलिखित, हस्तलिखित किंवा आवाजात नोंदवलेल्या’, अशी ओळ आता त्यात आहे. मुदतीबद्दलची ओळ तशीच ठेवली.

सोमवारी खुर्च्या परत गेल्या, मैदान झाडून शाळेच्या ताब्यात दिलं. नोंदवही तिच्या कपाटात ठेवली. मी वाचनालयात बसून काकींच्या ओव्या फोनवरून ऐकत स्मरणिकेसाठी कागदावर उतरवत होते, तेवढ्यात त्या स्वतःच दारात आल्या. टोपली रिकामी होती.

"काय लिवलंस ता वाच बघू."

मी वाचायला सुरुवात केली. "सुरमई गेली मुंबईला, बर्फाच्या गं पेटीमध्ये..."

"मंदी," त्या म्हणाल्या.

मी कागदाकडे पाहिलं. ‘सुरमय’ची ‘सुरमई’ झाली होती, ‘मंदी’चं ‘मध्ये’, ‘फोनाच्या’चं ‘फोनच्या’. फोनमधून आवाज स्पष्ट येत होता, माझ्या कानांनी तो ऐकला होता, आणि हाताने मात्र न विचारता तो शुद्धलेखनात बसवला होता. मी ते खोडलं, वर लिहिलं आणि पुन्हा वाचलं.

काकी उंबऱ्यावर बसल्या, पदराने मान पुसली.

"आता पयल्यापासनं वाच," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा."