चेतकच्या गिअरबॉक्समधले पाव लिटर ऑइल

हल्लीच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत बहुधा एकच ऑइल इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांचे काम भागवते. त्या सवयीने जुन्या टू-स्ट्रोक बजाज चेतक स्कूटरकडे आलेला माणूस हटकून गोंधळतो. पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल इथे वेगळे आणि गिअरबॉक्समधले ऑइल वेगळे असते. पहिले धुरावाटे निघून जाते. दुसरे मात्र आतच राहून गिअर, बेअरिंग आणि क्लच प्लेटा यांना भिजवत असते, आणि त्याचे प्रमाण जेमतेम २५० मिली असल्यामुळे त्यातले पन्नास-साठ मिली कमी झाले तरी तो मोठा तुटवडा ठरतो.

व्हेस्पा स्कूटर बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यानंतर बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली, पण तिची यंत्ररचना व्हेस्पाच्याच घराण्यातली राहिली. त्यामुळे ऑइल तपासण्याची पद्धतही तिथलीच आहे. डिपस्टिक नाही, पातळी दाखवणारी काच नाही. गिअर केसच्या मागच्या अंगाला असलेले, बोल्टने बंद केलेले भोक हेच माप. स्कूटर सपाट जमिनीवर अगदी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन तो बोल्ट काढावा. ऑइल भोकाच्या कडेशी आलेले असेल तर पातळी बरोबर आहे. सकाळी किक मारण्याआधी स्कूटर आडवी करण्याची जी सवय आपल्याकडे घरोघरी होती, ती निदान या कामापुरती बाजूला ठेवावी, कारण गाडी किंचित कलली तरी हे माप चुकते.

भरण्यासाठी मी औषधाच्या दुकानात मिळणारी ६० मिलीची सिरिंज, सुई न लावता, वापरतो आणि तिच्या तोंडाला सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा जोडतो. भोक अडचणीच्या जागी असल्याने नरसाळे तिथे नीट बसत नाही. सिरिंजने ऑइल सावकाश आत सोडत राहावे आणि ते भोकातून परत ओघळू लागले की थांबावे. ओघळ थेंबावर आला की वॉशर तपासून बोल्ट बसवावा. केस अ‍ॅल्युमिनियमची असल्याने बोल्टवर जोर केल्यास आटे जातात आणि मग दहा मिनिटांचे काम लेथवाल्यापर्यंत जाते.

ऑइल एसएई ३० ग्रेडचे, म्हणजे दाटपणाचा क्रमांक ३० असलेले इंजिन ऑइल हवे. दुकानदार बऱ्याचदा ‘गिअर ऑइलच ना?’ म्हणत ९० नंबरचा डबा पुढे करतो, आणि ३० पेक्षा ९० तिप्पट दाट म्हणजे अधिक चांगले, असे गिऱ्हाइकालाही वाटते. वास्तविक इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या क्रमांकांच्या मोजपट्ट्याच निराळ्या आहेत. ९० चे गिअर ऑइल दाटपणात साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलइतके भरते. खरी अडचण दाटपणाची नसून त्यातल्या रसायनांची आहे. मोटारींच्या गिअरबॉक्ससाठी घातलेली ही रसायने ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या क्लचला मानवत नाहीत आणि प्लेटा घसरू लागतात.

पातळी उतरलेली दिसली की ऑइल भरून मोकळे होणे मला पटत नाही, कारण गिअरबॉक्समधले ऑइल आपोआप संपत नाही. खाली जमिनीवर डाग पडत असतील तर ड्रेन बोल्टचा वॉशर किंवा क्लचच्या झाकणाजवळची रबरी रिंग पाहावी. डाग नाहीत, तरी ऑइल घटते आहे आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सर दाट पांढरा धूर सोडतो आहे, अशी स्थिती असेल तर क्रँकचे क्लचच्या बाजूचे ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, गेल्याचा संशय घ्यावा; इंजिन त्या वाटेने ऑइल ओढून जाळत असते. याच्या उलटही घडते. कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नसेल आणि पेट्रोलचा कॉक रात्रभर उघडा राहिला असेल, तर पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरते आणि त्याच खराब सीलमधून गिअरबॉक्समध्ये शिरते. अशा वेळी बोल्ट सैल करताच पातळ झालेले ऑइल भसकन बाहेर येते, बोटांवर चोळले तर चिकटपणा लागत नाही आणि पेट्रोलचा वास येतो. भरपूर ऑइल आहे असे समजून ही गाडी चालवत राहणे कमी ऑइलवर चालवण्याइतकेच वाईट. सील बदलून, सगळे ऑइल काढून नवे भरावे.

सर्वांत धोक्याची गळती मात्र बाहेरून दिसतच नाही. मागच्या चाकाच्या शाफ्टचे सील झिजले की ऑइल ब्रेक ड्रममध्ये उतरते. गाडीखाली डाग नाही, जादा धूर नाही, पण मागचा ब्रेक हळूहळू लागेनासा होतो आणि माणूस केबल आवळत बसतो. पातळी घटते आहे आणि ब्रेकही मऊ झाला आहे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर ड्रम उघडावाच. लायनर ऑइलने भिजलेले असतील तर पेट्रोलने पुसून ते पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये; सील आणि ब्रेक शू दोन्ही नवे घालावेत.