चार बाटल्या आणि एक वायसर

गाडीच्या मागच्या सीटखाली हात घातला होता तो हरवलेली छत्री शोधायला. छत्री काही मिळाली नाही, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मात्र अकरा निघाल्या. दोन-तीन बाटल्यांत घोटभर पाणीही तसंच होतं. आपण फारसा कचरा करत नाही असा माझा समज होता, त्यामुळे चांगलंच ओशाळायला झालं.

पहिला उपाय काटकसरीचा. त्यातल्याच दोन बऱ्या बाटल्या धुऊन पुन्हा पुन्हा भरायच्या, नवीन काही घ्यायचंच नाही. चार दिवसांत वास यायला लागला म्हणून कडकडीत पाणी ओतलं, तर बाटली डोळ्यांदेखत आक्रसली आणि वाकडी झाली. या बाटल्या पीईटी प्लास्टिकच्या असतात, बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हे प्लास्टिक मऊ पडतं. शिवाय ते तयार करताना सहसा अँटिमनीचं संयुग वापरतात, त्याचा अंश उष्णतेने पाण्यात जास्त उतरतो. म्हणजे गार पाण्याने ती स्वच्छ होत नाही, गरम पाणी तिला सोसत नाही आणि अरुंद गळ्यातून ब्रश आत जात नाही. तो नाद सोडला.

त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण मोजले गेले, त्यातले सुमारे ९० टक्के नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे. मजा म्हणजे खुद्द बाटलीच्या प्लास्टिकपेक्षा पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे, कण जास्त होते आणि ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधून आले असावेत. या कणांनी शरीराचं नेमकं काय होतं याचा निकाल अजून लागलेला नाही, म्हणून मी घाबरून गेले असं म्हणणार नाही. पण दुकानातली बाटली उचलताना हात आखडायला लागला, हे खरं.

मग काचेची बाटली घेतली, बोरोसिलिकेट काचेची. पाण्याची चव इतकी निर्मळ की बाकी सगळं त्यापुढे फिकं. ही काच उष्णतेने फार कमी प्रसरण पावते, त्यामुळे गरम पाण्यानेही सहसा तडकत नाही. तापमानाचा धक्का ती सोसते, जिन्याच्या पायरीचा नाही. पिशवी जरा जोरात टेकवली आणि खेळ आटोपला. सात आठवडे टिकली.

अॅल्युमिनियमच्या बाटलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वजनाला फुलासारखी. पण आंबट पेयांशी या धातूची प्रतिक्रिया होते, म्हणून आतून लेप दिलेला असतो. पडून पोचा आल्यावर त्या लेपाचं आत काय झालंय ते दिसेना, आणि जे दिसत नाही त्यातून रोज पाणी प्यायला मन घेईना.

तिसरी खरेदी स्टीलची. इथे मी लोहचुंबक घेऊन गेले होते, कारण चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही असं ऐकलं होतं. नंतर कळलं की ही परीक्षा फसवी आहे. ३०४ प्रतीचं स्टील, म्हणजे ज्यावर १८/८ लिहितात, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०१ प्रतीच्या हलक्या स्टीलमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, पण चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ वाकवून-ठोकून आकार देताना किंचित चुंबकीय होऊ शकतं. बाटलीवर किंवा खोक्यावर प्रत लिहिलेली पाहावी, एवढंच आपल्या हातात.

मी घेतली ती दुहेरी भिंतीची, मधली हवा काढून घेतलेली. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी केलेल्या फ्लास्कचीच ही युक्ती. पाणी दिवसभर गार राहायचं, पण एक लिटर पाण्यासह ती खांद्यावर घेतली की वीट वाहतोय असं वाटायचं. उंची इतकी की बेसिनच्या नळाखाली उभी राहीना. तिरकी धरून भरली तर अर्धी रिकामीच. ही गोष्ट विकत घेताना कोणाच्या डोक्यात येते?

आणि दोन महिन्यांनी तिलाही वास. घासली, उन्हात ठेवली, खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवली, तरी वास जाईना. शेवटी झाकणातली सिलिकॉनची रिंग, आपला वायसर हो, चमच्याच्या दांड्याने उचकटून काढला. त्याखाली काळी, बुळबुळीत बुरशी. इतके दिवस मी बाटली घासत होते आणि पाणी मात्र त्या खाचेवरून पीत होते. नळीच्या झाकणांची तर गोष्टच नको, नळीत काय साचलंय ते नळी कापल्याशिवाय कळत नाही. ब्लीच वापरायचा मोह झाला होता, पण त्यातल्या क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात, म्हणून व्हिनेगरवर भागवलं.

चौथी बाटली मग झाकण बघून घेतली. एकेरी भिंतीचं स्टील, मूठ जाईल एवढं तोंड, साधं फिरकीचं झाकण आणि सहज निघणारा एकच वायसर. पाणी गार राहत नाही, राहू दे. आठवड्यातून दोनदा वायसर काढून धुते आणि रात्री झाकण उघडं ठेवते. विमानतळावर तपासणीआधी रिकामी करायची, पलीकडे गेल्यावर भरायची. ती किल्ल्यांशेजारी ठेवायला लागल्यापासून विसरणं कमी झालं. तरी महिन्यातून एखादी प्लास्टिकची बाटली अजून विकत घेतली जाते, लपवत नाही.

टोचतं ते वेगळंच. स्टीलची एक बाटली घडवायला प्लास्टिकच्या एका बाटलीपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा लागते. वर्षानुवर्षं वापरली तरच ती भरपाई होते, आणि मी वर्षभरात चार बाटल्या घेतल्या. विटेएवढी जड बाटली शेजारच्या मुलाला दिली, तो खेळायला नेतो. त्याआधी तिचा जादा वायसर मात्र काढून ठेवला होता.

गेल्या महिन्यात माझ्या बाटलीचा वायसर सैल पडला आणि पिशवीतले कागद भिजले. सुटा वायसर मिळत नाही, नवीन झाकण घ्या, असं उत्तर मिळालं. तेव्हा तो ठेवलेला वायसर आठवला. किंचित जाड होता, दाबून बसवला. बाटली भरून रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. सकाळी कागद कोरडा.