सरासरी काढायला एवढं काय लागतं?

नागपुरात कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न माझ्या पानात पडतोच. धातूच्या पत्र्यातले स्फटिक कसे वळलेत ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो आणि त्यांची सरासरी काढतो, असं म्हटलं की शेजारचे काकाजी हसतात. "सरासरी? ते तं आमचा नातू पाचवीत काढते जी!"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. घरातली चौकोनी फरशी बघा. एक भिंतीशी 1 अंशाने तिरकी बसली, दुसरी 89 अंशांनी. नातवाची सरासरी 45, म्हणजे फरशी पार आडवीतिडवी. पण चौकोन 90 अंश फिरवला तरी तसाच दिसतो. 89 म्हणजे खरं तर उणे 1. दोन्ही फरश्या जवळपास सरळच आहेत. तोड सोपी आहे: कोन चौपट करा. 4 आणि 356, शून्याच्या अल्याड-पल्याड. त्या दिशांचे बाण जोडले की दिशा शून्य. तिला चारने भागा, झालं.

ॲल्युमिनियमचा स्फटिक मात्र घनाच्या घडणीचा. ठिपके घासून गेलेला लुडोचा फासा घ्या. तो 24 तऱ्हांनी फिरवून ठेवला तरी कुणाला पत्ता लागत नाही. यंत्र त्यातली कुठलीही एक तऱ्हा लिहून मोकळं होतं. पहिल्या वर्षी मी ते आकडे सरळ मिसळले आणि पत्र्यात एकाही स्फटिकाची नसलेली दिशा ऐटीत सरांपुढे ठेवली. सर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला. ते जास्त लागलं.

आता काय करतो? 24 पैकी कुठलीही तऱ्हा घेतली तरी बदलत नाही अशी राशी आधी बनवायची, मग तिची सरासरी. घनाच्या तीन अक्षांचे वर्ग जोडून बघितले, तर ती बेरीज प्रत्येक घनाला सारखीच येते, दिशेचा मागमूस उरत नाही. चौथ्या घातापर्यंत जावं लागतं. फरशीचे चार इथेही आडवे आलेच!

मध्यंतरी दुसऱ्या प्रयोगशाळेतून तक्रार आली, तुमचं उत्तर आमच्याशी जुळत नाही. ताडून पाहिलं. त्यांचा फासा माझाच होता, 90 अंश कलंडवून ठेवलेला.