बर्लिनला येताय? आधी पत्रपेटीवर नाव लावा

टेक्सासमधल्या प्लेनोचं एकोणीस वर्षांचं बिऱ्हाड आवरून आम्ही तिघं ऑगस्ट २०२४ मध्ये बर्लिनला उतरलो. नवऱ्याच्या कंपनीने तीन वर्षांसाठी बदली केली होती. आम्ही दोघंही पुण्यात वाढलेलो, पण पासपोर्ट अमेरिकेचे, हाडीमाशी मुरलेल्या सवयीही तिथल्याच. दहा वर्षांच्या मुलाला तर दुसरं काही माहीतच नव्हतं. इथे येणाऱ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचे अधूनमधून फोन येतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

विमानतळापासूनच सुरुवात करते. बर्लिनच्या भाड्याचे ए, बी, सी असे तीन पट्टे आहेत. शहर एबीमध्ये येतं, विमानतळ सीमध्ये. त्यामुळे शहरात यायला एबीसीचं तिकीट घ्या. स्टेशनवर फाटक नसतं, कोणी अडवत नाही, म्हणून चूक आपल्या लक्षात येत नाही. मग साध्या कपड्यातला तपासनीस डब्यात येतो आणि दंड ६० युरो. छापील तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तेही बिनतिकीटच धरतात. राहायलाच आलात तर डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास घ्या. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्रॅम, बस त्यात येतात, लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र येत नाहीत. बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं.

आता घर. पहिले दोन महिने आम्ही सामानासह मिळणाऱ्या छोट्या फ्लॅटमध्ये काढले. तुम्हीही तसंच करा, पण घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात आल्यापासून १४ दिवसांत ती करायची असते आणि बँक, पगार, मुलाची शाळा सगळं तिच्यावर अवलंबून असतं. घरमालक त्यासाठी सहीचा कागद देत नसेल तर ते घर कितीही सुंदर असलं तरी सोडून द्या.

कायमचं घर शोधताना शब्द समजून घ्यावे लागतात. 'तीन खोल्यांचं घर' यात हॉलही मोजलेला असतो, म्हणजे बेडरूम दोनच. 'काल्ट' भाडं म्हणजे नुसत्या जागेचं, 'वार्म' म्हणजे हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून. विजेचं बिल बहुधा वेगळंच असतं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानेच भाडेकरूला दिला आहे. आम्हाला हे उशिरा कळलं, तुम्ही आधीच विचारा. घर रिकामं असेल तर खरोखर रिकामं असतं. कपाटं नाहीत, छताला दिव्यांऐवजी वायरी, आणि कित्येकदा स्वयंपाकघरात ओटाही नाही. आधीचे भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचलून नेतात, किंवा विकत देऊन जातात. विकत मिळालं तर घ्या.

आम्हाला शोनेबेर्ग भागात, बायरिशेर प्लाट्झजवळ, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. दुसरा म्हणजे आपल्या पुण्याच्या हिशेबाने दुसरा. तळमजला इथे शून्य असतो. अमेरिकेत त्यालाच पहिला म्हणायची सवय लागली होती, ती सोडायला मला आठवडाही लागला नाही. सेल्सिअस, किलोमीटर, आधी दिवस मग महिना, हे सगळं शाळेतलं परत आलं.

परत आली नाही ती एकच गोष्ट, आणि तिनेच आम्हाला दोन महिने मागे टाकलं. प्लेनोत आमची ओळख एका आकड्यात होती. अपार्टमेंट २११४. पाकिटावर आमच्या नावाचं स्पेलिंग चुको, नाव अर्धंच असो, २११४ लिहिलेलं असलं की पत्र पोचायचं. बर्लिनमधल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा नंबर आणि तुमचं आडनाव, बस्स. पोस्टमन ते आडनाव पत्रपेट्यांवर शोधतो. नाही सापडलं तर पत्र परत.

लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही. इमारतीच्या व्यवस्थापनाने पेटीवर आणि बेलवर नवऱ्याचं आडनाव लावलं, कारण करारावर त्याचं नाव होतं. माझं राहून गेलं. पहिल्यांदा नोंदणी केली की काही आठवड्यांत प्रत्येकाच्या नावाने करक्रमांकाचं पत्र येतं, फक्त पोस्टाने. त्याचं आलं, मुलाचं आलं, माझं आलंच नाही. मी अर्धवेळ नोकरी धरली होती. नंबर नसल्यामुळे पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला गेला. तो जास्तीचा कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, हे खरं, पण नव्या शहरातल्या पहिल्या पगाराची पावती हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडले होते. बँकेचं कार्डही असंच परत गेलं होतं. नंबर पुन्हा मागवला, तोही पोस्टानेच येणार होता.

तेव्हा कळकळीने सांगते, किल्ली हातात आली की सामान उघडण्याआधी कागदाच्या दोन पट्ट्या कापा, घरातल्या सगळ्यांची आडनावं ठळक अक्षरांत लिहा आणि पत्रपेटीवर आणि बेलवर टेपने चिकटवा. पितळी पाटी नंतर येईल. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार असतील आणि त्यांचं औषध किंवा कागदपत्र मागवणार असाल तर त्यांचंही लिहा. पाहुणे म्हणून कुणाकडे उतरला असाल तर पत्त्यात आपल्या नावाखाली 'सी/ओ' घालून त्यांचं नाव लिहा.

नोंदणीची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची. तुमच्या भागातल्याच ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कामांच्या कार्यालयात, जावं असा नियम नाही, बर्लिनमधलं कुठलंही चालतं. आम्हाला मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, श्पांडाउला. सकाळी लवकर पाहिलं तर रद्द झालेल्या वेळा दिसतात. १४ दिवसांनंतरची वेळ मिळाली तर बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. सगळ्यांचे पासपोर्ट, घरमालकाचा कागद, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला न्या. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना आहे. त्याचा संबंध चर्चच्या कराशी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के आणखी कापले जातात. गोव्या-वसईकडच्या ख्रिस्ती मित्रांनी हे समजून उमजून भरावं.

व्हिसाबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना व्हिसाशिवाय येऊन ९० दिवसांत इथेच राहण्याचा परवाना मागता येतो, तो मिळेपर्यंत काम मात्र सुरू करता येत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर, ग्रीनकार्ड असलं तरी, व्हिसा आधी काढूनच यायचं. ग्रीनकार्डवाल्यांनी लांब मुक्कामाआधी री-एंट्री परमिटचं पाहावं, तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. टेक्सासचं परीक्षा न देता बदलून मिळतं, कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कवाल्यांना परीक्षा चुकत नाही. खरं सांगू? आम्ही बदलून घेतलं, पण गाडी घेतली नाही. मुलगा चौथ्या आठवड्यात एकटा बसने शाळेत जायला लागला. प्लेनोत हे स्वप्नातही शक्य नव्हतं. माझ्या लेखी हे शहर इथेच जिंकलं.

डॉक्टरांचंही तसंच. डिसेंबरात छाती भरली म्हणून जवळच्या दवाखान्यात गेले. कार्ड दाखवलं, डॉक्टरांनी तपासलं, आठवड्याची रजा लिहून दिली, आणि मी काउंटरपाशी पर्स उघडून उभी. त्या बाईंना कळेना मी का थांबले आहे. बिल नव्हतं. विम्याचा हप्ता पगारातून बराच जातो, निम्म्याच्या आसपास कंपनी भरते, आणि सरकारी विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. जिवावरचं असेल तर ११२, रात्री-अपरात्री पण तितकं गंभीर नसेल तर ११६११७. साधी पॅरासिटामॉल किराणा दुकानात मिळत नाही, आपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानातच जावं लागतं. प्रतीक्षागृहात शिरताना सगळ्यांना उद्देशून 'गुटन टाग' म्हणा. सगळे उत्तर देतात. मग आत बोलावतात ते आडनावानेच.

स्वयंपाकघराचं जरा सविस्तर सांगते, कारण माझा जीव तिथे. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, इथली २३० ची. इन्स्टंट पॉट, राइस कुकर, हेअर ड्रायर तिथेच देऊन या. नुसत्या प्लगच्या अडॅप्टरवर ते चालत नाहीत, जळतात. उलट पुण्याहून आणलेला, व्होल्टेजमुळे प्लेनोत वर्षानुवर्षं खोक्यात पडलेला माझ्या आईचा मिक्सर मी इथे अडॅप्टरवर लावला आणि तो पहिल्याच झटक्यात फिरला. त्या दिवशी ओल्या खोबऱ्याची चटणी केली. शेगडी इंडक्शनची असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा आणा. श्रीखंडासाठी चक्का बांधायची गरज नाही, क्वार्क म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ ताजं चीज, त्यातलं ४० टक्के फॅट लिहिलेलं आणून थोडा वेळ फडक्यात ठेवलं की काम होतं. मसूर, भेंडी, कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या तुर्की दुकानांत मिळतात. मंगळवारी आणि शुक्रवारी माइबाखउफरला कालव्याकाठी मोठा बाजार भरतो, तिथे एकदा जाच.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा. राहिलंच तर मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. रविवारी ड्रिल नको, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकणंही नको, आवाज होतो. रोज रात्री १० ते सकाळी ६ शांतता. पेयांच्या बाटल्यांवर अनामत असते. एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट, बिअरच्या साध्या बाटलीवर ८. चेपू नका, दुकानातल्या यंत्रात परत द्या. थंडीतही रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. घरागणिक महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचं शुल्क भरावं लागतं, घरात टीव्ही नसला तरी. पत्र आलं की फसवणूक समजून फेकू नका.

अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी तिथलं विवरणपत्र भरायचंच. बाहेर राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते. देशाबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकन फॉर्म, भरा. त्यात पुण्यातलं जुनं बचत खातं आणि मुदत ठेवही धरायची, हे पुष्कळ लोक विसरतात. आणि इथले म्युच्युअल फंड सल्लागाराला विचारल्याशिवाय घेऊ नका. अमेरिकेच्या नियमांत त्यांच्यावरचा कर फार जाचक आहे.

घरी कोणी नसलं की पार्सल शेजाऱ्यांकडे देतात आणि पेटीत चिठ्ठी टाकतात. चिठ्ठीवर शेजाऱ्याचं आडनाव. पहिल्या मजल्यावरच्या आजींशी ओळख झाली ती अशी. ऐंशीच्या घरातल्या आहेत. माझं आडनाव त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं, चौथ्यांदा बरोबर म्हटलं, आणि तेव्हापासून जिन्यात भेटल्या की पूर्ण नाव घेऊनच हाक मारतात.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर राटहाउस शोनेबेर्ग, म्हणजे इथला टाउन हॉल आहे. २६ जून १९६३ ला केनेडींनी बर्लिनकरांसमोर भाषण केलं ते याच इमारतीपुढे. मनोऱ्यात अमेरिकन लोकांनी १९५० मध्ये भेट दिलेली स्वातंत्र्याची घंटा आहे, दुपारी १२ ला वाजते. मुलाला फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल ठाऊक होती, ही तिच्याच धर्तीवर केलेली आहे हे कळल्यावर तो मोजून तीन रविवार ती ऐकायला गेला.

याच भागात दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या आहेत, १९९३ मध्ये लावलेल्या. नाझी काळात इथल्या ज्यूंवर लादलेले आदेश त्यांवर लिहिले आहेत. त्या आदेशांतला एक १७ ऑगस्ट १९३८ चा. नाव 'ज्यू' वाटत नसेल तर पुरुषांनी 'इस्राएल' आणि स्त्रियांनी 'सारा' हे नाव जोडायचं. आमच्या दारासमोरच्या फरशीत चार पितळी चौकटी बसवल्या आहेत, प्रत्येकी दहा सेंटिमीटरची. श्टोल्परश्टाइन म्हणतात त्यांना. सुरुवात एकच, 'इथे राहत होते', खाली नाव, जन्मवर्ष, नेल्याची तारीख. पहिले काही महिने मी त्यांवरून सामान ओढत जा-ये केली होती, वाचलं नव्हतं.

९ नोव्हेंबरला संध्याकाळी परतले तर आजी खाली उशीवर गुडघे टेकून एक चौकट पुसत होत्या. १९३८ मध्ये त्या रात्री ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांची आठवण म्हणून त्या दिवशी शहरभर लोक असं करतात. मी पिशवी ठेवली. त्यांनी दुसरं फडकं दिलं, पितळेला लावायची पेस्ट दिली. प्रत्येक चौकट उजळली की त्या वरचं नाव मोठ्याने वाचायच्या आणि मी त्यांच्यामागून म्हणायचे. तिसरं नाव मला दोनदा चुकलं. त्यांनी थांबून पुन्हा सांगितलं, आणि मी बरोबर म्हणेपर्यंत चौथीला हात लावला नाही.