गोळाफेक सराव : लाल झेंड्याचा छडा फक्कीने लावला

फेकीनंतर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडण्याची सवय अखेर लागली, असे मागच्या नोंदीत मोठ्या समाधानाने लिहिले होते. गेल्या रविवारच्या, प्रौढ खेळाडूंच्या मास्टर्स स्पर्धेने त्या समाधानावर पाणी ओतले. पन्नाशीच्या गटाचा सहा किलोचा गोळा, तीन फेकी आणि तिन्ही वेळा लाल झेंडा, म्हणजे फेक बाद. कारणही एकच, रिव्हर्स घेताना, म्हणजे गोळा सोडताच पायांची अदलाबदल करताना, उजवा पाय स्टॉप बोर्डाच्या (वर्तुळाच्या पुढच्या कडेवरील लाकडी अडसराच्या) माथ्याला लागला. बोर्डाच्या आतल्या उभ्या बाजूला पाय टेकलेला चालतो, परंतु माथ्याला निसटता स्पर्श झाला तरी फेक बाद होते.

आमच्या मैदानावर बोर्ड नाहीच, नुसती फक्कीची रेघ आहे. त्यामुळे हा दोष इतके महिने लपून राहिला. म्हणून सुताराकडून १.२१ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच बोर्ड करून घेतला. पहिला वाया गेला, कारण वर्तुळाचा २.१३५ मीटर हा व्यास त्याभोवतीच्या कडीच्या आतल्या कडेपर्यंतचा असतो आणि मी सुताराला बाहेरच्या कडेवरून माप दिले होते. दुसऱ्या वेळी खिळ्याला १०६.७५ सेंटिमीटरची दोरी बांधून कमान स्वतःच आखली. सागवान महाग पडले. तरीही ठोकर बसताच सरकणाऱ्या हलक्या तयार बोर्डांपेक्षा ते शतपटीने बरे.

खरा शोध त्यानंतर लागला. बोर्डाच्या माथ्यावर फक्कीचा पातळ थर पसरून दहा फेकी केल्या आणि प्रत्येक फेकीनंतर वाकून पाहिले. सात वेळा बुटाच्या बाहेरच्या कडेचा अर्धचंद्र उमटला होता. परंतु आतल्या उभ्या बाजूवर डाव्या बुटाच्या टोकाचे काळे घासेही होते, आणि तेथेच उलगडा झाला : दोष रिव्हर्सचा नसून ग्लाइडचा, म्हणजे वर्तुळात पाठमोरे सरकत पुढे येण्याचा, आहे. ग्लाइड लांबल्यामुळे उजवा पाय वर्तुळाच्या मध्याच्या वीतभर पुढे उतरतो, डावा बोर्डाला चिकटतो, आणि पॉवर पोझिशनमधून, म्हणजे गोळा ढकलण्याआधीच्या पवित्र्यातून, वळताना पायांना जागाच उरत नाही.

मध्यावर फक्कीची आडवी रेघ मारून, उजवा पाय तिच्या अलीकडे उतरवत पुन्हा सहा फेकी केल्या. त्यांपैकी चार स्वच्छ निघाल्या, शिवाय गोळा हनुवटीखालून घसरण्याचे प्रमाणही कमी झाले. अंतर अर्धा मीटर घटले, ते सध्या सोसायचे ठरवले आहे.

या महिन्यात गोल फिरून फेकण्याच्या रोटेशनल पद्धतीला हात घालायचा होता, तो बेत आता मागे टाकला आहे. किंबहुना हे लिहिताना असे वाटू लागले आहे की पुढचे तीन आठवडे रिव्हर्सच बंद ठेवावा, दोन्ही पाय जमिनीवर रोवूनच गोळा सोडावा आणि बोर्डावरची फक्की कोरी राहते का, एवढेच पाहावे. उद्या सकाळपासून तसेच सुरू करतो.